गेम थिअरी म्हणजे मोबाइलवरचे गेम नव्हेत, ताई

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. गणित चांगलं आहे, शाळेपासून खो-खो खेळते. एक ड्रोन दुसऱ्या, निसटून जाणाऱ्या ड्रोनचा पाठलाग करतो असा व्हिडिओ तिने पाहिला आणि तेव्हापासून ‘मला गेम थिअरी शिकून हेच करायचंय’ हा एकच धोशा. तिचे बाबा म्हणतात, गेमचं कसलं आलंय शिक्षण! नातेवाईक म्हणतात, गुपचूप कॉम्प्युटरला घाला. यात नोकरी मिळते का? कुठली शाखा घ्यावी? आणि मुलीसाठी हे क्षेत्र बरं आहे का?
– एक आई, धाराशिव

ताई, आधी बाबांची शंका फेडू. दोन पक्ष समोरासमोर आहेत, माझा फायदा तुमच्या चालीवर ठरतो आणि तुमचा माझ्या. अशा वेळी प्रत्येकाने काय करावं, याचं गणित म्हणजे गेम थिअरी. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये तिचा पाया घातला. बाबांना ते समजावायला घरात मुलगीच आहे, कारण मैदानावर ती दुसरं काही करत नाही.

तिला विचारा, पाठलाग करताना काय होतं. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र असलं कुठलंच बंधन नाही; बसलेल्या मुलींमधून साखळी खेळत ती या बाजूची त्या बाजूला जाते. १९५०च्या दशकात अमेरिकेत रँड या संस्थेत काम करणाऱ्या रूफस आयझॅक्स यांनी याच जातीचा प्रश्न मांडला. मोकळ्या मैदानात एक वेगवान गाडी, पण तिला वळायला मोठा घेर लागतो. समोर पायी माणूस. वेग कमी, पण जागच्या जागी वळणारा. गाडी त्याला गाठेल का? उत्तर तीन गोष्टींवर ठरतं : दोघांच्या वेगाचं गुणोत्तर, गाडीच्या वळणाचा घेर, आणि किती जवळ आल्यावर ‘गाठलं’ म्हणायचं ते अंतर. ड्रोनच्या पाठलागाचं गणित याच घराण्यातलं. आणि पाठलाग कधी सोडायचा, कुणाला खो द्यायचा, हा तर चार ड्रोन मिळून एकाच्या मागे लागतात तेव्हाचा मुख्य प्रश्न!

हे अवघड का, तेही सांगते. छोटा ड्रोन रडारवर पक्ष्यासारखा दिसतो. माग ठेवणारा साधा प्रोग्राम असं धरून चालतो की समोरचा आत्ता जसा चाललाय तसाच थोडा वेळ जाईल. पण पळणाऱ्याला हे ठाऊक असतं, आणि तो नेमका तेव्हाच गर्रकन वळतो. खो-खोतली हुलकावणीच ही. कच्ची खेळाडू तिला फसते. मुरलेली खेळाडू ‘ही आता कुठे जाईल’ याचा अंदाज करत बसत नाही; समोरचीसाठी सगळ्यात सोयीची वाट कोणती ते पाहते आणि तीच आधी अडवते. गेम थिअरी ड्रोनला हेच शिकवते.

एक गोष्ट कागदावर करून पाहा, बाबांनाही बसवा. एक बिंदू घुसखोर ड्रोनचा, एक आपल्या ड्रोनचा, दोघांचा वेग सारखा. दोन्ही जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढा. दुभाजकाच्या पलीकडच्या जागांवर घुसखोर आधी पोहोचतो, अलीकडच्या जागांवर आपण. आता आपल्या बाजूला एक इमारत काढा, ती वाचवायची आहे. दुभाजकावरचा जो बिंदू इमारतीला सगळ्यात जवळ, तिथे जाणं ही घुसखोराची सर्वोत्तम चाल. आपणही नाक तिकडेच वळवायचं. तो भलतीकडे वळला तर नवा दुभाजक इमारतीपासून आणखी लांब जातो, म्हणजे तोटा त्याचाच. वेग वेगवेगळे असले की रेषेच्या जागी वर्तुळ येतं, बाकी युक्ती तीच. शाळेतली भूमिती आहे ही, आणि मला ती आजही तितकीच सुंदर वाटते.

याची गरज किती? डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या बातमीने लंडनचं गॅटविक विमानतळ जवळपास दीड दिवस ठप्प झालं, सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी अडकले. जून २०२१ मध्ये जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली गेली. आपल्याकडे डीआरडीओ ही संरक्षण संशोधनाची सरकारी संस्था आणि खासगी कंपन्याही ड्रोनविरोधी यंत्रणांवर काम करताहेत.

पण ‘गेम थिअरी इंजिनिअर पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. जाहिरातीत शब्द असतात गायडन्स अँड कंट्रोल (यंत्राला दिशा देणं आणि ताब्यात ठेवणं), रोबोटिक्स, रडार सिग्नल प्रोसेसिंग (रडारवर आलेल्या संकेतांचा अर्थ लावणं). म्हणून शाखेच्या नावापेक्षा कंट्रोल सिस्टिम्स, प्रोबॅबिलिटी आणि प्रोग्रामिंग हे तीन विषय पक्के होणं महत्त्वाचं. माझी पसंती इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सला. एअरोस्पेस चांगल्या संस्थेत मिळालं तर उत्तमच. नातेवाईकही चूक नाहीत, कॉम्प्युटरवरूनही इकडे येता येतं. फक्त गणित सुटता कामा नये. जेईईत जमलं तर आयआयटी. नाही जमलं तर सीईटीवरून सरकारी कॉलेज, मग गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबई, बंगळुरूची आयआयएस्सी किंवा पुण्यात गिरीनगरची डायट (शिक्षकांची नव्हे, संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था), इथे एम.टेक. हा दुसरा रस्ता कमी प्रतीचा अजिबात नाही.

घरात एक गोष्ट आत्ताच बोलून घ्या. नुसत्या बी.टेक.वर या क्षेत्रात बहुतेकदा जोडणी, चाचणी, कोडिंगचं काम मिळतं. पाठलागाचं गणित हातात येतं ते एम.टेक. किंवा पीएच.डी.नंतर. म्हणजे शिक्षण सहा वर्षं तरी धरा. आणि ड्रोन पायलटच्या कोर्सला यासाठी पैसे घालू नका. फवारणी, मोजणी करायची तर तो कोर्स उपयोगाचा. तिला जे करायचंय ते काम वेगळं आहे.

मुलीसाठी हे क्षेत्र बरं का, असं विचारलंत. अग्नी-४ क्षेपणास्त्राच्या प्रकल्प संचालक टेसी थॉमस होत्या. केरळातल्या त्रिशूरच्या सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंग करून त्या पुण्यात क्षेपणास्त्रांचं उच्च शिक्षण घ्यायला आल्या, ती संस्था म्हणजे आजची डायट. धाराशिवहून पुणं त्रिशूरपेक्षा खूप जवळ आहे, ताई.

तिचा खो-खो बंद करू नका. बोर्डाची आणि प्रवेश परीक्षा झाली की तिला पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दोन ठिपके हलवायला सांगा, एक पाठलागावर, एक पळणारा. पाठलाग करणाऱ्याचा वेग जास्त ठेवायचा आणि वळणाचा घेर थोडा थोडा वाढवत न्यायचा. पळणारा ठिपका नीट हुलकावणी देत असेल, तर एका आकड्यानंतर तो दर वेळी निसटायला लागेल. तो आकडा तिला सापडला की मला जरूर कळवा.