घरी बर्न केलेल्या सीडी-डीव्हीडी किती वर्षं टिकतात?

तुमच्याकडे विकत घेतलेल्या गाण्यांच्या सीडी आहेत आणि घरचे फोटो बर्न करून ठेवलेल्या सीडी-डीव्हीडीही आहेत. त्या अजून किती वर्षं चालतील, असं तुम्ही विचारलंय. आधी फोटोंच्या डिस्क कॉपी करायला घ्या. गाण्यांच्या सीडी थांबू शकतात.

कारखान्यात छापलेल्या सीडीत माहिती म्हणजे प्लॅस्टिकवर दाबून उमटवलेले सूक्ष्म खड्डे, आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर. खड्डे काही झिजत नाहीत. हवा आणि ओलावा धातूपर्यंत पोचला तरच बिघाड सुरू होतो. सीडी १९८२ साली बाजारात आली, आणि त्या काळातल्या कितीतरी सीडी आजही व्यवस्थित वाजतात. अपवाद आहेत. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ (फिलिप्स-ड्यूपाँट ऑप्टिकल) कारखान्यातून साधारण १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडी कडेपासून तपकिरी पडत गेल्या. वरचं लॅकर, म्हणजे धातूवरचा संरक्षक लेप, कव्हरच्या कागदातल्या गंधकापुढे टिकलं नाही.

बर्न केलेल्या डिस्कमध्ये खड्डे नसतातच. तिथे सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. हे रंगद्रव्य ऊन आणि उष्णतेने पुढेही बदलत राहतं. थॅलोसायनिनचं रंगद्रव्य आणि सोन्याचा परावर्तक थर असलेली सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी सीडी) नीट ठेवली तर अनेक दशकं जाते. हलक्या प्रतीची सीडी पाच-दहा वर्षांतही दगा देऊ शकते. म्हणून मी कोणालाच एक ठरावीक आकडा सांगत नाही.

बहुतेक जण खालची चकचकीत बाजू जपतात. सीडीची नाजूक बाजू मात्र वरची, लेबलची. माहितीचा थर तिथेच, लॅकरच्या लगेच खाली असतो. खालचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून निघतो, पण वरून बॉलपेनने नाव लिहिलंत तर थेट माहितीवरच घाव बसतो. चिकटवायची लेबलंही लावू नका. डीव्हीडीत तो थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे वरून धोका कमी, पण कडेला गोंद सुटू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘परवाच लावून पाहिली, छान चालते’ यावर विसंबू नका. प्रत्येक डिस्कवर चुका दुरुस्त करणारी जादा माहिती लिहिलेली असते. डिस्क खराब होत असते, ड्राइव्ह मुकाट्याने चुका भरून काढत असतो आणि तुम्हाला काहीच जाणवत नाही. ती क्षमता संपली की काल उघडलेली फाइल आज उघडत नाही. काही ड्राइव्ह या चुकांची संख्या दाखवतात. सीडीसाठी सेकंदाला २२० ही मानकातली कमाल मर्यादा आहे, आणि चांगली डिस्क तिच्या कितीतरी खाली असते. तुमचा ड्राइव्ह हे दाखवत नसेल तर पूर्ण डिस्क कॉपी करून बघा. एखाद्या ठिकाणी वेग एकदम पडला, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा तिथेच घुटमळू लागला, तर ती डिस्क त्याच दिवशी रिकामी करा.

डिस्क उभ्या, अंधारात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. साधारण २० अंशांखाली तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता चांगली.

नव्याने लिहायचंच असेल तर एम-डिस्क (दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेली, असेंद्रिय थराची डिस्क) किंवा असेंद्रिय थराची ब्लू-रे घ्या, एलटीएच लिहिलेली नको, कारण तिच्यात पुन्हा सेंद्रिय रंगद्रव्यच असतं. एम-डिस्कचा हजार वर्षांचा दावा मी फारसा मनावर घेत नाही. मला काळजी ड्राइव्हची वाटते: डिस्क टिकली तरी ती वाचणारा ड्राइव्ह तेव्हा मिळेल का? डिस्कचा वापरच कमी होत चाललाय. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन थांबवलं. त्यामुळे डिस्कवरची प्रत ही जोडीची प्रत समजा आणि मूळ फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.

एखादी डिस्क वाचलीच गेली नाही तर लगेच फेकू नका. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह तीच डिस्क अनेकदा वाचतो. डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधून माहिती काढणाऱ्या सॉफ्टवेअरने एका ड्राइव्हवर जेवढं मिळेल तेवढं घ्या, मग तीच इमेज (डिस्कची एका फाइलमधली प्रत) आणि मॅप फाइल (कुठला भाग वाचला, कुठला राहिला याची नोंद) वापरून उरलेला भाग दुसऱ्या ड्राइव्हवर वाचायला लावा.