भावाला एचआयव्ही आहे, आता हिपॅटायटिस बी पण निघालं. लिव्हरला त्रास नको म्हणून एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या थोडे दिवस बंद ठेवल्या तर चालेल का?

नाही ताई, एक दिवससुद्धा बंद ठेवू नका. भाऊ टीएलडीवर असेल, म्हणजे त्या एका गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डॉल्युटेग्राविर असेल, तर त्यातली पहिली दोन औषधं हिपॅटायटिस बीवरही चालतात. लिव्हर वाचवायला जी गोळी बंद करायचं तुम्ही म्हणताय, तीच त्याचं लिव्हर सांभाळतेय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. टीएलडी नवीन आली तेव्हा माझ्या मिस्टरांच्या गोळ्या बदलल्या आणि त्याच सुमारास तपासणीत हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघालं. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली, माणूस शेतात कामाला जातोय. पण घरात ‘कावीळ’ हा शब्द गेला आणि मोठे दीर पेटले. नवीन गोळी उष्ण पडली, हिनंच लिव्हर खाल्लं, हे त्यांनी ठरवून टाकलं. मी माहेरी आईच्या आजारपणात होते. तेवढ्यात ते यांना गाडीवर बसवून पलीकडच्या गावात कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेले. त्यानं हाताला कसला तरी पाला चोळून चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं, म्हणजे कावीळ आहे. डोक्यावर काड्यांची माळ घातली. पथ्य दिलं: तेल नाही, हळद नाही, फुटाणे आणि उसाचा रस. आणि डॉक्टरची एकही गोळी घ्यायची नाही. माळ वाढत वाढत गळ्यात आली, मग खाली उतरली. कावीळ उतरली म्हणून घरात नारळ फोडला. मला फोनवर सगळं ठीक आहे एवढंच सांगायचे.

खरी कावीळ त्यानंतर काही आठवड्यांनी आली. लघवी चहासारखी, उलट्या, अंगाला खाज, डोळे हळदीसारखे पिवळे. दवाखान्यात एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला किती इजा झाली ते दाखवणारी रक्ततपासणी, हजाराच्या वर निघालं. ते साधारण 40 च्या आत असावं लागतं. बीचा व्हायरस औषधानं दबलेला असतो, गेलेला नसतो. लिव्हरच्या पेशीत तो घर करून राहतो. टेनोफोविर अचानक थांबवलं की तो उसळी मारतो, आणि त्यात लिव्हर निकामी होऊन माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून तीच गोळी परत सुरू करायला सांगितली, तेव्हा दीर वॉर्डातच ओरडले, “जिनं ही वेळ आणली तीच परत देताय?”

मी घरी जाऊन पत्र्याची पेटी उघडली. गोळ्यांची डबी कपड्यांच्या खाली होती. तोंडावरचा कागद फाडलेला, आत गोळ्या जवळजवळ गळ्यापर्यंत. ती डबी मी दवाखान्यात दिरांच्या हातात दिली आणि विचारलं, “दादा, ज्या गोळ्या पोटात गेल्याच नाहीत, त्यांनी लिव्हर कसं खाल्लं?” त्यांनी उत्तर दिलं नाही. आजही भावकीत बसले की ‘नवीन गोळ्या बाधल्या’ असंच सांगतात. म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं. तुमच्या घरातही असं सांगणारं कोणी असणार, त्याशिवाय तुम्हाला हा प्रश्न पडला नसता.

मिस्टर आता बरे आहेत. एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, सापडत नाही, बी आहे पण शांत आहे. बी कायमचं जाईल अशी आशा धरून औषधं बदलत बसू नका, ते बहुतेकांच्या बाबतीत जात नाही. हिपॅटायटिस सीचं तसं नाही. भावाची सीची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. सीवर सोफॉस्बुविर आणि डॅक्लाटॅस्विर साधारण 12 आठवडे देतात आणि बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. 28 जुलै 2018 ला हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून सरकारी केंद्रांवर हा उपचार फुकट आहे. फक्त सीचं औषध चालू असताना बी उसळू शकतं, म्हणून दोन्ही आजार आधी सांगा.

आणि हो, टेनोफोविर किडनीला त्रास देऊ शकतं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते त्यावरून कळतं) वाढलं तर डॉक्टर ते बदलतात, पण तेव्हा बीसाठी दुसरं औषध लागतं. बाहेरच्या डॉक्टरनं एचआयव्ही माहीत नसताना नुसतं एन्टेकॅविर हे बीवरचं औषध लिहून दिलं तर एचआयव्हीचा व्हायरस लॅमिव्हुडिनला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून लपवू नका. जो काही बदल करायचा तो एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांकडूनच. दारू पूर्ण बंद. पोटाची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी, कारण बीमुळे लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो, आणि तो सिरॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) नसतानाही होऊ शकतो.

वहिनीची आणि घरातल्या सगळ्यांची बीची तपासणी करा. निगेटिव्ह असतील त्यांना लस: पहिली, मग एका महिन्यानं, मग सहाव्या महिन्यात. वहिनीही पॉझिटिव्ह असतील, म्हणजे एचआयव्ही म्हणते मी, तर डोस दुप्पट लागतो आणि नंतर अँटीबॉडी तयार झाल्या का हे रक्तात बघावं लागतं. माझे दीर अजून टोचून घ्यायला तयार नाहीत. जावेला आणि पुतण्यांना मी स्वतः नेऊन तिन्ही डोस दिले.