चेंबर्स स्ट्रीटवरच्या कॉलेजात जाण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

बरो ऑफ मॅनहॅटन कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे बीएमसीसीत, तुला प्रवेश मिळाला. "एवढं अमेरिकेत जाऊन कम्युनिटी कॉलेज?" असं आता नातेवाईक विचारत असतील. विचारू देत. क्युनी या न्यूयॉर्क शहराच्या सरकारी विद्यापीठाचं हे दोन वर्षांचं कॉलेज आहे. इथे ६० क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले एकक) नीट जमवले की असोसिएट पदवी मिळते आणि पुढे सिटी कॉलेज, हंटर किंवा बरूकमध्ये तिसऱ्या वर्षाला जाता येतं. मेख आहे ती त्या "नीट"मध्ये. इथे हुशार मुलांचंही सेमिस्टर वाया जातं, आणि बहुतेकदा एखादा कागद राहिला किंवा विषयांचा क्रम चुकला म्हणून. हजारो मुलांचं कॉलेज आहे, कोणी मागे लागून आठवण करून देणार नाही.

सगळ्यात आधी लसींचं बघ. सहा किंवा जास्त क्रेडिट घेणाऱ्याला राज्याच्या कायद्याप्रमाणे गोवराचे दोन डोस आणि गालगुंड व रुबेलाचा प्रत्येकी एक डोस दाखवावा लागतो. आपल्याकडची मुलं अडकतात ती इथेच. भारतात गोवराची लस नवव्या महिन्यात देतात, पण न्यूयॉर्कला पहिला वाढदिवस होण्याच्या बऱ्याच आधी दिलेला डोस चालत नाही, म्हणजे तो गेला. २०१८ च्या शेवटी महाराष्ट्रात शाळाशाळांतून मोहीम झाली, तिच्यात गोवर-रुबेलाचं इंजेक्शन मिळालं असेल तर ते धरतात, मात्र तारखेसह लेखी पुरावा हवा. गालगुंडाची लस तर आपल्या सरकारी वेळापत्रकातच नाही. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर, म्हणजे तिन्ही रोगांची एकत्र लस, घेतली असेल तरच ती कार्डावर सापडेल. कार्ड मिळालं नाही तर दोन वाटा आहेत. रक्त तपासून तिन्ही रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती असल्याचा अहवाल द्यायचा, नाहीतर एमएमआरचे दोन डोस पुन्हा घ्यायचे. दोन डोसांत किमान २८ दिवस जावे लागतात, म्हणून हे काम ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस. मेनिंजायटिसचा फॉर्म वेगळा असतो. लस घ्यायची नसली तरी तो फॉर्म भरावाच लागतो. मुदत टळली की वर्गात बसू देत नाहीत, फी मात्र लागलेली असते.

दुसरी भानगड नावाची. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. पलीकडच्या कारकुनाला यातलं आडनाव कुठलं हे कसं कळणार? क्युनीफर्स्ट या पोर्टलवर, गुणपत्रिकेसोबतच्या पत्रात आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक असेल तर तिथेही नाव पासपोर्टप्रमाणेच ठेव. एकाच मुलाच्या दोन फाइली तयार झाल्या की कागद एका फाइलीत जातात आणि "कागद आले नाहीत" हा शेरा दुसरीत दिसत राहतो.

आता पैसे. शहरातल्या रहिवाशाला पूर्ण वेळेची, म्हणजे १२ किंवा जास्त क्रेडिटची, फी सेमिस्टरला २,४०० डॉलर आहे, वर किरकोळ शुल्कं. बाहेरच्याला क्रेडिटमागे ३२० डॉलर, म्हणजे १५ क्रेडिटचे ४,८००, बरोबर दुप्पट. रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याआधी राज्यात १२ महिने आणि शहरात सहा महिने राहिलेलं असावं लागतं. एच-४ व्हिसावर (एच-१बीसारख्या व्हिसावर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्यांनाही हा दर मिळू शकतो, पण घरभाड्याचा करार, आईवडिलांचं कर विवरण असे कागद आपणहून नेऊन द्यावे लागतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांना तो मिळत नाही. एच-४ वर सरकारी फाफ्सा मदतही नाही, तेव्हा त्या फॉर्मवर रात्री जागवू नकोस. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात, जर्सी सिटीत काकांकडे राहायचा बेत असेल तर आत्ताच विचार कर. पाथ गाडी कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर सोडते, पण नदीपलीकडचा पत्ता म्हणजे दुप्पट फी. तिकडेच राहायचं असेल तर जर्नल स्क्वेअरचं हडसन काउंटी कम्युनिटी कॉलेज बघ. तिथे हाच पत्ता तुझ्या बाजूचा ठरतो.

रहिवासी दर मिळाला की लगेच एएसएपी या योजनेला अर्ज कर. क्युनीने ती २००७ मध्ये सुरू केली. पूर्ण वेळ शिकायची अट असते. बदल्यात स्वतःचा सल्लागार, पुस्तकांना मदत आणि सबवेचा पास मिळतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीन वर्षांत पदवी घेणारे या योजनेत ४० टक्के होते, योजनेबाहेर २२. बीएमसीसी त्या पाहणीतल्या तीन कॉलेजांपैकी एक होतं. आमच्या मते पासपेक्षा सल्लागार मोलाचा. नेहमीच्या सल्ला खिडकीवर दर वेळी नवा माणूस भेटतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

विषय निवडताना जरा थांब. एए (असोसिएट इन आर्ट्स) आणि एएस (असोसिएट इन सायन्स) पदव्या पुढे जाण्यासाठी आहेत. त्यांतला ३० क्रेडिटचा सामाईक भाग क्युनीच्या सगळ्या कॉलेजांत धरला जातो. एएएस (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) मुख्यतः थेट नोकरीसाठी आहे. पुढे बॅचलर करायचं असेल तर एका अक्षराच्या फरकाने काही क्रेडिट मागे राहू शकतात. यादीत दोन्ही शेजारीशेजारी दिसतात, घाईत चुकीचं टिचकवलं जातं.

त्याहून महत्त्वाची गणिताची साखळी. अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्र करायचं असेल तर मॅट २०६ (मॅट म्हणजे गणित, पुढे विषयाचा क्रमांक), मग ३०१, ३०२, ३०३ असा कॅल्क्युलसचा जिना आहे. एका सत्रात एकच पायरी. सुरुवात २०६ पासून झाली तर चार सत्रं त्यातच जातात आणि एकदा नापास म्हणजे पाचवं. क्रमांकापुढे पॉइंट पाच दिसला, जसं २०६.५, तर तो तोच विषय आहे, फक्त आठवड्याला जादा तास लावून. त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. मात्र बारावीत विज्ञान शाखेचं गणित झालं असेल तर नेमून दिलेली पायरी निमूट घेऊ नकोस. गुणपत्रिका घेऊन गणित विभागात जा आणि वरच्या पायरीची परीक्षा देता येते का ते विचार. त्या अर्ध्या तासात अख्खं सत्र वाचू शकतं. इंग्रजीतही असंच आहे, १०१ आणि त्याचं जादा तासांचं १००.५.

नोंदणी झाली की डिग्रीवर्क्स हा पदवीचा ऑनलाइन ताळेबंद उघड. घेतलेला प्रत्येक विषय पदवीच्या कुठल्या तरी चौकटीत बसलेला दिसला पाहिजे. खाली "यात धरलेले नाहीत" अशा रकान्यात गेला तर तो तुझ्या पदवीला निरुपयोगी आहे, आणि आर्थिक मदत घेणाऱ्याला तो महागात पडतो, कारण पूर्ण वेळेसाठी लागणारे १२ क्रेडिट पदवीच्या कामाचेच असावे लागतात. आवड म्हणून एखादा विषय घे, पण तेराव्या क्रेडिटपासून पुढे.

वेळेचा हिशेब कागदावर मांड. एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्गात आणि दोन तास घरी. १२ क्रेडिटचे ३६ तास झाले. त्यात २० तासांची नोकरी मिळवली तर ५६. जॅक्सन हाइट्सवरून ई गाडी थेट वर्ल्ड ट्रेड सेंटरला येते, पण जाणं-येणं रोजचे दीडेक तास खातं. हे सगळं बसत नसेल तर विषय पहिल्याच आठवड्यात सोड. सत्र सुरू होण्याआधी सोडला तर फी पूर्ण परत मिळते, पहिल्या आठवड्यात ७५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात २५, नंतर शून्य. "अजून एक चाचणी बघू" म्हणत चौथा आठवडा गाठू नकोस. आणि सोडायचा तर पोर्टलवर रीतसर सोड. नुसतं जायचं बंद केलंस तर नाव पटावरच राहतं. सोडण्याआधी १२ क्रेडिट शिल्लक राहतात ना, एवढं सल्लागाराला विचारून घे.

पुस्तकं विकत घेण्याआधी ग्रंथालयात विचार. पाठ्यपुस्तकं तिथे थोड्या वेळासाठी आतच वाचायला देतात. नोंदणीच्या यादीत पुस्तकाचा खर्च शून्य असलेले वर्ग वेगळे दाखवलेले असतात, ते आधी बघ. महिनाअखेरीला घरात खाण्याची ओढाताण झालीच तर कॉलेजची पँथर पँट्री, म्हणजे मोफत शिधा देणारी खोली, आहे. तिथे जायला लाजू नकोस, ती विद्यार्थ्यांसाठीच आहे.

कुठला विषय क्युनीच्या कुठल्या कॉलेजात कसा धरतात हे दुसऱ्या सत्रातच ट्रान्सफर एक्सप्लोरर या संकेतस्थळावर बघून ठेव, कारण एकच विषय सिटी कॉलेज मुख्य विषयात धरतं आणि दुसरं कॉलेज नुसते क्रेडिट देतं. तिसऱ्या सत्रात पोचल्यावर हे कळून उपयोग नसतो.

आणि हो, वेळापत्रकात खोलीच्या क्रमांकाआधी एफ असेल तर तो वर्ग चेंबर्स स्ट्रीटच्या मुख्य इमारतीत नाही, फिटरमन हॉलमध्ये आहे. ११ सप्टेंबरला शेजारचा मनोरा कोसळून जुना हॉल निकामी झाला, आताचा २०१२ मध्ये उघडला. दोन इमारतींत चांगलंच चालावं लागतं आणि लिफ्टला गर्दी असते, म्हणून लागोपाठच्या तासांत निदान अर्धा तास सोड.

तूर्त एवढंच कर. आजीला फोन करून लसींचं कार्ड शोधायला सांग. जन्मदाखल्याच्या फाइलीत नसेल तर लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात बघायला सांग, आणि दोन्ही बाजूंचा फोटो मागव. तारखा बहुधा मागच्या बाजूला लिहिलेल्या असतात.