‘मूल्य’ जपायचं की ‘मूल्यं’?

वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा फलक रंगवायचा आहे, म्हणून एका ताईंनी विचारलंय: ‘सांस्कृतिक मूल्य जपूया’ लिहू की ‘नीतीमूल्य जपूया’? तत्त्वं, संस्कार, मूल्यं हे सगळं एकच ना? आणि मूल्य म्हणजे तर किंमत, ती जपायची कशी?

शेवटचा प्रश्न सगळ्यात गमतीचा, तोच आधी घेतो. मूल्य हा मुळात बाजारातलाच शब्द. पाणिनीने एका सूत्रात (४.४.९१) तो ‘मूल’पासून साधला आहे, मूल म्हणजे इथे मुद्दल. त्याच सूत्रात तुलेपासून ‘तुल्य’ आहे आणि धर्मापासून ‘धर्म्य’ही आहे. तराजू, मुद्दल आणि धर्म एकाच ओळीत बसलेत! मूल्याचं मराठीत ‘मोल’ झालं आणि मोलमजुरी, मोलकरीण, कवडीमोल असा त्याचा संसार वाढला. पण ‘तिच्या कष्टांचं मोल कुणाला कळलं नाही’ हेही आपण त्याच शब्दाने म्हणतो. अरबीतून आलेल्या ‘किंमत’चंही तसंच: ‘त्याला माणसांची किंमत नाही’ या वाक्यात पैशाचा संबंधच नसतो. त्यामुळे इंग्रजीतल्या ‘व्हॅल्यूज’साठी मूल्य पुढे आलं तेव्हा मराठी कानाला ते फारसं टोचलं नसावं.

एक मात्र आहे. एकवचनी मूल्य नुसतं आलं की ते दुकानात जातं: ‘मूल्य १५० रुपये’. अनेकवचनी झालं की चारित्र्याकडे वळतं: ‘त्याला काही मूल्यंच नाहीत’. एकवचनात हा अर्थ हवा असेल तर मूल्याचं नाव सांगावं लागतं: ‘समता हे मूल्य’. आता ताईंचा फलक पुन्हा वाचा. ‘सांस्कृतिक मूल्य जपूया’ म्हणजे संस्कृतीचा भाव पडू देऊ नका!

बाकीचे शब्द एकच आहेत का? नाहीत, आणि ते ओळखायला मी कोशापेक्षा क्रियापदाकडे बघतो. तत्त्व पाळतात, सोडतात, गरज पडली तर त्याला मुरड घालतात; म्हणजे ते ज्याचं त्याचं असतं. मूल्यं रुजतात, जपली जातात, त्यांचा ऱ्हास होतो. त्यांना चार माणसं लागतात. नीतीने ‘वागतात’. ‘नी’ म्हणजे नेणे, म्हणून नीती ही वाट आहे, आणि म्हणूनच राजनीती किंवा रणनीतीत सज्जनपणाची हमी नसते. संस्कार ‘होतात’ किंवा ‘करतात’; ज्याच्यावर होतात त्याला बहुधा कुणी विचारलेलं नसतं. ‘संस्कारी’ हे हिंदी मालिकांच्या वळणाचं विशेषण मला व्यक्तिशः आवडत नाही. आपल्याकडे ‘वळण’ हा किती नेमका शब्द आहे: ‘पोरांना चांगलं वळण लावलंय’.

आमच्या आजीने जन्मात कधी ‘मूल्य’ म्हटलं नाही. शेजारी दरवर्षी नांगरताना बांध कोरायचा, वीतभर आत यायचा. ती म्हणायची, ‘त्याची नियत फिरलीय, त्याला कशाची चाड नाही.’ ही नियत अरबी, म्हणजे हेतू. ‘नियतकालिक’मधली संस्कृत नियत वेगळी, ती म्हणजे ठरलेली. अलीकडे ‘त्याची नीती चांगली नाही’ असं ऐकू येतं, त्यात बहुतेकदा नियतच म्हणायची असते. नियत पोटात असते, नीती वागण्यात दिसते. आणि ‘विधिनिषेध’! वेदातल्या आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा हा भारदस्त शब्द, काय करावं आणि काय करू नये यांची जोडी. मराठीत तो ‘त्याला कसलाच विधिनिषेध नाही’ असा नकारातच जास्त भेटतो.

आता ‘संस्कृती’. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींनी लिहून ठेवलंय की ‘कल्चर’साठी हा शब्द त्यांना १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राकडून कळला. बंगालीत तेव्हा ‘कृष्टि’ चालत असे आणि तो रवींद्रनाथांना खटकायचा. त्यांनी ‘संस्कृति’ उचलून धरला.

चटर्जींच्या नावातच ताईंच्या शुद्धलेखनाचं उत्तर आहे: सुनीतिकुमार. एकटा असताना शब्द ‘नीती’, शेवट दीर्घ. समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: नीतिमूल्ये, नीतिकथा, नीतिशास्त्र. ‘नीतीमूल्ये’ चुकीचं. ‘तत्त्व’मध्ये दोन त, कारण तत् + त्व. ‘इक’ लागला की पहिल्या अक्षराची वृद्धी होते, म्हणजे त्यातला स्वर वाढतो (अ चा आ, ई चा ऐ), म्हणून नीतीचं नैतिक, संस्कृतीचं सांस्कृतिक आणि संविधानाचं सांविधानिक. ‘संवैधानिक’ हिंदीतून आलंय आणि आता इतकं रुळलंय की मी भांडणं सोडून दिलंय.

फलकाला ‘सांस्कृतिक मूल्ये जपूया’ चालेल, बोलीसारखं हवं असेल तर ‘मूल्यं’. ‘नीतिमूल्ये’ घेतलंत तर वाचनालयापेक्षा शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाची आठवण होईल. आणि पेंटरला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या: म दीर्घ, आणि शेवटी मात्रा किंवा अनुस्वार, दोन्हींपैकी एक हवंच.