ट्रायो ऐकताना ताल सापडत नाही, चुकते कुठं?

प्रश्न : घरी लहानपणापासून पेटी-तबला आहे, मी स्वतः भजनाला तबल्याची साथ करतो. पुतण्यानं विजय अय्यरचा 'कम्पॅशन' नावाचा जॅझ ट्रायोचा अल्बम मोबाईलवर लावून दिला, आठवडा झाला रोज सकाळी चहा ठेवला की ऐकून राहिलो. पियानो आवडला, पण ताल काही हाती लागून नाही राहिला, ड्रमवाला मनात येईल तिथं मारते असं वाटते. आणि अय्यर नाव पाहून मी कर्नाटक संगीत शोधत होतो, तेही सापडलं नाही. – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : दादा, तुमचे कान बरोबर आहेत, मोबाईलचा स्पीकर दगा देऊन राहिला. ट्रायोत तीन जण असतात, पियानोवर अय्यर, ड्रम्सवर टायशॉन सोरी आणि डबल बासवर, म्हणजे उभं धरून वाजवायच्या व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या वाद्यावर, लिंडा मे हान ओ, आणि तुम्ही आठवडाभर त्यातले दोनच ऐकले. डबल बासची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते, मोबाईलचा नखाएवढा स्पीकर तिथवर उतरतच नाही, म्हणजे तंबोऱ्यातून खर्जाची तार काढून टाका आणि मग गाणं ऐका, तसं झालं हे. साधे वायरवाले इअरफोन लावा, गॅस बंद करा, आणि पहिल्या खेपेला पियानोकडे लक्षच देऊ नका, फक्त बासच्या मागं मागं जा.

दुसरं म्हणजे ताल. तबला सोलोला लेहरा असतो, पेटीवाला तेच आवर्तन फिरवत राहतो म्हणून तुम्ही कुठंही गेले तरी समेवर येता. जॅझमध्येही बहुतेक वेळा धुनेचं एक आवर्तन फिरत असते, पण लेहरा वेगळा कोणी धरत नाही, तो तिघांच्या डोक्यात चालू असतो. ड्रमवाला बोलतो, पियानो उत्तर देतो, मध्येच बास वेगळाच विषय काढते, आणि तरी तिघं एका जागी येऊन भेटतात. तुम्ही रोज साथ करता, ती भेट एकदा कानात पडली की तुम्हाला बाकी काही समजवावं लागणार नाही हे मी खात्रीनं सांगतो.

ही बोलण्याची पद्धत जुनी आहे. पियानोवाला बिल एव्हान्स, त्याच्या ट्रायोनं २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलं त्याचं रेकॉर्डिंग आहे, मागं ग्लास वाजतात, लोक हसतात, गप्पा मारतात, आणि त्या गलक्यात स्कॉट लाफारोचा बास पियानोच्या बरोबरीनं गातो. अकरा दिवसांनी लाफारो अपघातात गेला, वय फक्त २५. मला ते ग्लासांचे आवाज आजही सुन्न करतात. आधी ते ऐका, मग 'कम्पॅशन'वर या.

आता नावाचं. अय्यरचे आईवडील तमिळ, पण जन्म अमेरिकेतला, १९७१ चा, आणि शिक्षण झालं पाश्चात्त्य व्हायोलिनचं. तो आधी जॅझवाला आहे, तसाच ऐका. भारतीय संगीताजवळचं हवं असेल तर २०११ चा 'तीर्थ' घ्या, त्यात गिटारवर प्रसन्ना आणि तबल्यावर नितीन मित्ता आहे, तुम्हाला तो दरवाजा सोपा जाईल. 'कम्पॅशन' २०२४ चा आहे, त्याआधी याच तिघांचा 'अनइझी' २०२१ मध्ये आला.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची, ऐकून ऐकून कीबोर्ड वाजवते. क्लासमध्ये म्हणतात ग्रेडच्या परीक्षा दिल्या नाही तर पुढं काही होत नाही. काय करू? – एक आई, प्रतापनगर

उत्तर : ताई, वरच्या उत्तरातला विजय अय्यरच पाहा. व्हायोलिन तिसऱ्या वर्षापासून रीतसर शिकला, पंधराएक वर्षं, पण ज्या पियानोवर आज नाव आहे तो जास्त करून कानानंच उचलला. येल विद्यापीठात गणित आणि फिजिक्स केलं, कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात १९९८ मध्ये पीएचडी झाली, तोवर वाजवणं चालूच. परीक्षा देऊ द्या, नोटेशन वाचता आलं तर फायदाच आहे, पण संध्याकाळचा अर्धा तास पुस्तक बंद ठेवून तिला मनाचं वाजवू द्या आणि त्या वेळी चुका काढायला कोणी जवळ बसू नका.