‘मॅडम, मला प्रोग्रॅमिंगचं डोकंच नाही’

“मॅडम, ब्रँच बदलायचा फॉर्म कुठे मिळतो?”

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे पहिल्या परीक्षेचे मार्क लागले की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतोच. फॉर्म ऑफिसात मिळतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून मी म्हणते, “बस आधी.”

ही मुलगी मराठवाड्यातल्या एका गावातली. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दहावीपर्यंत मराठी माध्यम, सीईटीत चांगले मार्क, म्हणून सगळ्यांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर. ‘सी’ या भाषेतल्या प्रोग्रॅमिंगमध्ये ३० पैकी ६ पडले होते. “बाकीच्यांना आपोआप येतं. मला त्याचं डोकंच नाही. घरी काय सांगू?”

झोप, जेवण विचारलं. मेसला जाणं बंद झालं होतं. जगणं नको वाटतं का, हेही मी सरळ विचारते. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. ती ‘नाही’ म्हणाली, तेव्हा मी पुढे गेले. कोणाला तसं वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

मग विचारलं, “बाकीचे म्हणजे कोण गं?” रूममेट दोघी. एकीने बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतलेलं, दुसरी सीबीएसईची, अकरावीपासून पायथॉन करणारी. म्हणजे हिचे दोन महिने आणि त्यांची दोन वर्षं. हा फरक वर्गात पहिल्याच दिवशी कुणीतरी मोठ्याने सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ‘हे तर सगळ्यांना माहीतच असेल’ या एका वाक्याने मागच्या बाकांवरचे सगळे प्रश्न घशातच राहतात.

तिची वही पाहिली. फिबोनाची, पॅलिंड्रोम, मूळ संख्या, सगळे प्रोग्रॅम सुवाच्य अक्षरात आणि तोंडपाठ. पेपरात मात्र ‘पहिल्या दहा संख्या’ऐवजी ‘शंभरच्या आतल्या संख्या’ विचारल्या आणि ती अडली. लॅबमध्ये दोघांत एक मशीन, टाइप नेहमी पार्टनरच करायचा. स्वतःचा लॅपटॉप नव्हता, सराव फोनवर. तिथे एक महिरपी कंस शोधायचा तर कीबोर्डची पानं उलटत बसावं लागतं. आठ आठवड्यांत तिने स्वतःच्या हाताने किती प्रोग्रॅम चालवले? चार.

पुढच्या वेळी ती रूममेटचा लॅपटॉप घेऊन आली. मी मानसशास्त्राची, मला सी येत नाही. म्हटलं, “मला समजावून सांग, एकेक ओळ.” तिने बारावीची टक्केवारी काढायचा प्रोग्रॅम लिहिला होता: मिळालेले भागिले एकूण, गुणिले शंभर. मार्क ६०० पैकी ४३२. चालवला तर स्क्रीनवर ०.००००००.

तिने लॅपटॉप मिटला. डोळे भरले होते.

“आत्ता मनात काय आलं?”

“मशीनलाही कळलं.”

थोडा वेळ मी काहीच बोलले नाही. मग कोरा कागद पुढे केला. प्रत्येक व्हेरिएबलला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या प्रत्येक नावाला, एक रकाना, प्रत्येक ओळीनंतर त्यात काय आहे ते पेनाने लिहायचं. शिक्षक याला ड्राय रन म्हणतात. तिने तो कधी केलाच नव्हता. ४३२ भागिले ६००, ती म्हणाली, ०.७२. आणि थांबली. “थांबा मॅडम. दोन्ही इंट आहेत, म्हणजे पूर्णांक. दशांशानंतरचं सी टाकूनच देतं. म्हणजे शून्य. मग शून्य गुणिले शंभर...” तिने १०० चं १००.० केलं, गुणाकार आधी आणला. ७२.००००००.

चूक तिची तिनेच शोधली होती. मला तर ती दिसलीही नसती.

त्यानंतर आम्ही एररवर बसलो, कारण लाल अक्षरं दिसली की तिची छाती धडधडायची. ते संदेश तिने मला मराठीत सांगायचे असं ठरलं. अर्धविराम एका ओळीत द्यायचा राहतो आणि कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, कधी कधी पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो. एक कंस राहिला की एररची रांग लागते. त्यातला पहिलाच दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालवायचं. तिच्या सरांनी एक चांगली गोष्ट सांगितली: ही भाषा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या जाणत्या लोकांच्या कामासाठी. नवशिक्याला ती तुटक वाटणारच. हे ऐकून ती बरीच सैलावली.

तिला विचारून मी सरांशी बोलले होते. लॅबमध्ये अर्धा वेळ कीबोर्ड तिच्याकडे, आणि चारनंतर एक मशीन मोकळं. रोज एकच प्रोग्रॅम. तो चालला की त्यातली एक गोष्ट बदलायची आणि काय होईल ते आधी कागदावर लिहायचं. पाठांतराची सवय लगेच सुटली नाही. दोनदा तिने मित्राकडून आयता कोड घेतला आणि मला येऊन सांगितलं.

सेमिस्टरला ती पास झाली, वर्गात मधेच कुठेतरी. फॉर्म तिने नेलाच नाही. परवा भेटली तेव्हा मेसमधून येत होती.

“पॉइंटर अजून कळत नाहीत, ते मेमरीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल,” ती म्हणाली, आणि तिथेच कट्ट्यावर बसून वही उघडली. “हे बघा, हा रकाना पत्त्याचा.”