व्हायोलिन फोडून कुक मोठा झाला नाही

सांगलीच्या ताईंना,

तुमचं पत्र थोडक्यात असं : मुलाला अकरा वर्षं शास्त्रीय व्हायोलिन शिकवलं, तो विशारद झाला, बारावीला 78 टक्के पडले. तुम्ही इंजिनिअरिंगचा हट्ट धरला नाहीत, ‘संगीतच कर’ म्हणालात. आता तो एका नाट्यसंस्थेच्या नाटकांना संगीत देतो, रियाज सुटलाय, पुढे शिकायचं नाही म्हणतो. कारण विचारलं की अमेरिकेतला कृष्णवर्णीय संगीतकार विल मॅरियन कुक याचं नाव पुढे करतो. त्याने म्हणे व्हायोलिन आपटून फोडलं आणि मग न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी, म्हणजे ब्रॉडवे, गाजवली. ‘या खुळातून त्याला बाहेर कसं काढू?’ हा तुमचा प्रश्न.

गुणांची काळजी सोडा, संगीताच्या प्रवेशाला 78 टक्के पुरेसे आहेत. मला खटकलं ते पत्राच्या शेवटी लिहिलेलं वाक्य : ‘एवढं शिकवून शेवटी नाटकात तुणतुणं वाजवायला गेला, चार लोकांत आमची मान खाली गेली.’ हे तुम्ही त्याच्या तोंडावरही बोलला असाल. आणि तेही सांगलीत, जिथे 1843 साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं.

तुमचा मुलगा ज्याचं नाव घेतो, त्याच्या आईनेही त्याला जवळपास हेच ऐकवलं होतं. तो भाग बहुधा मुलाने वाचलेला नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

कुकचा जन्म 1869 चा, वॉशिंग्टनचा. कृष्णवर्णीयांची गुलामी कायद्याने संपून जेमतेम चार वर्षं झालेली. घर मात्र शिकलेलं. वडील हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकवत, आई ओबर्लिन कॉलेजची पदवीधर. वडील लवकर गेले. पोराने ओबर्लिनला व्हायोलिन शिकायला घेतलं, पुढे बर्लिनला जायचं ठरलं. त्यासाठी पैसा उभा करायला फ्रेडरिक डग्लससारखा कृष्णवर्णीयांचा मोठा नेता पुढे आला. बर्लिनला नामवंत व्हायोलिनवादक योआखिमच्या संगीत विद्यालयात शिक्षण झालं, परत आल्यावर न्यूयॉर्कमध्ये काही काळ थोर संगीतकार द्वोर्झाकच्या विद्यालयात. एवढी तयारी, पण त्या काळच्या अमेरिकेत गोऱ्यांच्या मोठ्या वाद्यवृंदात कृष्णवर्णीय वादकाला खुर्ची मिळत नव्हती.

मग तो रंगभूमीकडे वळला. कवी पॉल लॉरेन्स डनबार आणि तो हॉवर्ड विद्यापीठाजवळच्या एका घराच्या तळघरात रात्री आठच्या सुमारास बसले आणि पहाटे चारपर्यंत ‘क्लोरिंडी’ या संगीतनाटकाची गाणी जवळजवळ पुरी केली. सकाळी कुक पियानोवर त्यातलं एक गाणं बसवत होता. कोंबड्यांवरचं, थट्टेचं, बोलीभाषेतलं गाणं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. डोळ्यांत पाणी. तुला थोर संगीतकार व्हायला जगभर शिकायला पाठवलं आणि तू हा असा होऊन परत आलास, असं ती म्हणाली, आणि ‘असा’च्या जागी तिने गोरे लोक काळ्यांना देत ती शिवी वापरली. हे कुकने स्वतः लिहून ठेवलंय. कृष्णवर्णीय संगीतकाराने गोऱ्यांसारखंच लिहावं असं तिला वाटायचं, हेही त्यानेच लिहिलंय.

ताई, मी त्या बाईला दोष देणार नाही. त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टिंगल करत आणि थिएटरं भरत. मुलाचं शिक्षण त्याच टिंगलीच्या कामी येईल, या भीतीला अर्थ होता. ‘क्लोरिंडी’तल्या काही गाण्यांवर हा आक्षेप आजही घेतला जातो, आणि तो खोटा नाही. तिच्यासमोर एका अख्ख्या समाजाच्या इज्जतीचा प्रश्न होता. तुमच्यासमोर काय आहे? चार लोक. कोण हे चार लोक? त्यांतल्या किती जणांनी तुमच्या मुलाचं काम ऐकलंय? तुम्ही स्वतः ऐकलंय का? पत्रात तसा उल्लेख कुठेच नाही.

1898 च्या जुलैमध्ये ब्रॉडवेवरच्या कॅसिनो थिएटरच्या गच्चीवर ‘क्लोरिंडी’ झालं. कुक सांगतो, सुरुवात केली तेव्हा समोर पन्नासेक माणसं होती. खालचा खेळ सुटला, लोक आवाज ऐकून वर येत गेले आणि शेवटी पाय ठेवायला जागा राहिली नाही. त्याआधी मॅनेजरने, काळा माणूस माझ्या वाद्यवृंदाचं संचालन करणार नाही, म्हणून आरडाओरडा केला होता. तिथला गोरा संचालक जॉन ब्रॅहम याने स्वतःची छडी कुकच्या हातात दिली आणि मॅनेजरलाच गप्प बसवलं. पाच वर्षांनी, फेब्रुवारी 1903 मध्ये, ‘इन दाहोमी’ आलं. कृष्णवर्णीयांनी लिहिलेलं आणि सादर केलेलं ब्रॉडवेच्या मोठ्या नाट्यगृहातलं ते पहिलं पूर्ण संगीतनाटक. संगीत बहुतांशी कुकचं. खालच्या चांगल्या खुर्च्या गोऱ्यांना आणि कुकचे लोक वर गॅलरीत, अशी तेव्हाची व्यवस्था. त्याच वर्षी तो खेळ लंडनला गेला आणि राजवाड्यात राजपुत्र एडवर्डच्या नवव्या वाढदिवसाला झाला.

आता चिरंजीवांसाठी. हा परिच्छेद त्याला वाचायला द्या.

बाळ, व्हायोलिन फोडल्याची गोष्ट अशी सांगतात : एका समीक्षकाने त्याला ‘जगातला सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक’ म्हटलं. कुक त्याच्याकडे गेला, ‘कृष्णवर्णीय’ कशाला, मी जगातलाच सर्वश्रेष्ठ आहे म्हणाला, आणि वाद्य फोडलं. ती प्रसिद्ध जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनने सांगितल्यामुळे पसरली, तिला दंतकथाच समज. पण खरी धरली तरी तो राग अपमानाचा होता, शिकण्याचा कंटाळा त्यात कुठेच नाही. तू तिचा अर्थ शिक्षण फेकून दिलं असा लावलास, तो साफ चुकीचा आहे. सव्वीस गायकांचा ताफा वाद्यवृंदासह नाचता-नाचता एका सुरात ठेवायचा, तर कोणाचा आवाज कुठे उचलायचा आणि कुठे दाबायचा हे कागदावर लिहिता यावं लागतं. ते तो बर्लिनला आणि न्यूयॉर्कला शिकला होता. 1919 साली त्याने लंडनला वाद्यवृंद नेला, त्यात रॅगटाइम हे कृष्णवर्णीयांचं ठेकेदार लोकप्रिय संगीत होतं, भजनांसारखी ‘स्पिरिच्युअल्स’ होती आणि शास्त्रीय संगीतकार ब्राम्सही होता. एर्नेस्ट आन्सर्मेसारख्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या संचालकाने त्यावर भारावून लिहिलं. आणि हाच एलिंग्टन तरुणपणी कुकबरोबर टॅक्सीत बसून न्यूयॉर्कभर फिरायचा, चालींबद्दल विचारायचा. तेव्हा कुकने त्याला आधी काय सांगितलं? तू खरं तर संगीत विद्यालयात जायला हवंस. ते तू करणार नाहीस, म्हणून मी सांगतो. आधी सरळ वाट शोध, ती सापडली की टाळ, आणि आतून येईल ते येऊ दे. सरळ वाट माहीत नसलेला माणूस टाळणार काय?

कुकच्या तापट स्वभावाचंही अनुकरण नको. भांडणांपायी त्याची हातची कामं आणि माणसं गेली. अपमानाने तो पोळलेला होता. तुझ्या वाट्याला तसं काहीही आलेलं नाही.

रस्त्यांचं थोडक्यात : पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत आणि नाटक दोन्ही एका छताखाली आहेत, तिथली प्रवेशाची माहिती काढा. तिथे नाही जमलं तर कुठल्याही शाखेतून पदवी आणि जोडीला गुरूंकडे तालीम. सोबत पाश्चात्त्य स्वरलेखन आणि संगीत संयोजन शिकायला हवं, कारण नाटकात, मालिकेत, सगळीकडे तेच मागतात. नाट्यसंस्थेशी मानधन आणि संगीताचे हक्क यांबद्दल दोन ओळींचा का होईना, लेखी कागद करून घ्या. मुलाला आजवर एक रुपया मिळालेला नाही असं तुम्ही लिहिता, आणि त्याच्याविषयीच्या काळजीचं खरं कारण तेच आहे.

ताई, त्याला ‘बाहेर काढण्या’साठी मी तुम्हाला मदत करणार नाही. विशारद झालेला मुलगा नाटकाला चाली देतोय यात काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते घरातलं बोलणं, आणि माझी शंका अशी की रियाज त्यामुळेच सुटला. व्हायोलिन हातात घेतलं की तुमचं वाक्य कानात वाजत असेल, तर कोण वाजवील? पुढच्या महिन्यात त्याच्या नाटकाचा प्रयोग आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिकीट काढून जा, त्याच्या वडिलांनाही न्या. घरी आल्यावर चाल कशी सुचली, कुठे अडली, एवढंच विचारा. प्रवेशाचं आणि रियाजाचं बोलणं दुसऱ्या दिवशी करा.